बारावा जावई

अंजनाने कपाटाची किल्ली फिरवली, दार उघडलं आणि आतली खोकी एकेक करून टेबलावर मांडली. मिस लिनने प्रत्येक खोक्याचं झाकण उचलून आतल्या खेळण्याला बोट लावलं आणि ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला. शेवटच्या खोक्यावर बोट थांबलं तेव्हा तिने अंजनाच्या खांद्यावरून कपाटात डोकावून पाहिलं. कपाटात काही उरलं नव्हतं.

“इलेव्हन,” ती म्हणाली.

कारखान्याचे मालक हासानंद शेठांनी स्वतः मोजली. मग चष्मा पुसून पुन्हा मोजली. चष्मा पुसल्याने खेळणी वाढत नाहीत. अकरा होती ती अकराच राहिली. मिस लिनने खालच्या, साच्याच्या मशीनवरचा आकडा सकाळीच पाहून ठेवला होता. मशीन बारा म्हणत होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतला हा कारखाना तसा साधाच. शिट्ट्या, वाळूत खेळायच्या बादल्या, बाहुल्यांच्या दुधाच्या बाटल्या असला माल. दोन हजार आठ साली, चैत्राच्या तोंडावर, कुठून नशीब फळफळलं आणि एका परदेशी कंपनीचं काम आलं. चित्रकथांच्या पुस्तकातला कुणी आयर्न हेरॉन नावाचा वीर होता. तांबूस चिलखत, निळा मुखवटा. त्याच्या छातीची पट्टी दाबून हात मागे मोडले आणि मान वर ओढली, की उभ्या माणसाचा लांब चोचीचा लोखंडी बगळा व्हायचा. उलट केलं की पुन्हा माणूस. अजून तो जगात कुठल्याच बाजारात आला नव्हता, म्हणून केवढी ती गुप्तता! कॅमेऱ्याचे मोबाईल गेटवर जमा, जाता-येता पर्सची झडती आणि तयार झालेला प्रत्येक नमुना कुलपात. दोन बायकांनी हात धुऊन उचलायचा, तिसरीने खोकं धरायचं. ही सरबराई पाहून जुळणीखात्यातल्या बायकांनी त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं होतं. जावयाचा गुडघा आखडला, जावयाची मान फिरेना, असं दिवसभर चालायचं.

आणि आता तिकडे कंपनीचं मन फिरलं होतं. पुस्तक चाललं नाही, खेळणं काढायचं नाही. साचा परत, नमुने परत, मोडके तुकडेसुद्धा परत. ते मोजून न्यायलाच कंपनीने मिस लिनला पाठवलं होतं. जावई मांडवात न येताच माघारी निघाला होता. एक जरी नमुना बाहेर राहिला आणि त्याची नक्कल बाजारात आली, तर कंपनी पुढचं काम देणार नव्हती, आणि पुढचं काम नसेल तर जुळणीखातं बंद होणार होतं. शेठांनी हे हिंदीत सांगितलं, मग मोडक्या मराठीत सांगितलं, आणि मग साचेखात्यातल्या जनूला वर बोलावून घेतलं.

“जनू, सच बोल. मशीनमधून निघाले ते सगळे वर दिले?”

“निंगाले तवरे समदे वर दिले, शेठ,” जनू म्हणाला. “पीस खाली ठेवून मी काय करू? आमचा हेड चंदर नाय, तो गेलाय एकवीरेला पालखीसंगं. पन दिले ते माझ्याच हातानं दिले.”

जनूच्या तोंडावर खोटेपणाची एक रेघ नव्हती. म्हणजे बाराच्या बारा वर आले होते, आणि गेला तो वरूनच गेला होता. वर म्हणजे अंजनाच्या खात्यातून. जोडून होतील तसे ते कुलपात जायचे; वर किती आले ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

“चावी किसके पास थी?”

“माझ्याकडंच, शेठ.”

हे पूर्ण खरं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत अंजना बाबासाहेबांच्या जयंतीची वर्गणी मागायला पॅकिंगमध्ये गेली होती, आणि जाताना किल्ली मैत्रेयीकडे देऊन गेली होती. जावयाचे डोळे मैत्रेयी रंगवायची. ओला रंग वाळला की खोकं कपाटात ठेवायचं, एवढंच काम होतं. मैत्रेयी आता समोरच उभी होती. तिने हे उत्तर ऐकलं.

मैत्रेयी ही अंजनाची होणारी सून. अंजनानेच ती हेरली होती. पोरीचा हात इतका स्थिर की तांदळाएवढ्या डोळ्यात बुबुळ काढताना रेघ हलत नसे. असा हात आपल्या घरात आला तर घराचं सोनं होईल, असं मनात आलं आणि तिने आपल्या मुलाला, सम्यकला, मुद्दाम डबा द्यायच्या निमित्ताने कारखान्याच्या गेटवर बोलावलं. पुढचं त्या दोघांनी केलं. पसंती झाली होती, जयंतीनंतर तारीख ठरायची होती. बुवापाड्यातल्या आपल्या खोलीवर अंजनाने पत्र्याचा माळा चढवून घेतला होता. त्याला खिडकी, लादी, आकाशी रंग. आल्यागेल्याला ती जिन्यावरून वर नेऊन दाखवायची.

शेठ मैत्रेयीकडे पाहत होते.

“ही तेरी होनेवाली बहू आहे ना, अंजना? हिची गॅरंटी तू घेतेस?”

‘हो’ म्हणायला काय लागतं? पण नेमकं त्याच वेळी अंजनाला आठवलं. आठवड्यापूर्वी ही पोरगी एका जावयाला हातात फिरवत म्हणाली होती, “काकी, एक मला द्या ना ठेवायला. साखरपुड्याला सम्यकला हाच देते.” तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. अंजनाही हसली होती. आता मात्र तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“मी माझी गॅरंटी घेते, शेठ,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या पोटात काय आहे ते मी कसं सांगू?”

मैत्रेयीने हातातला ब्रश फडक्याला पुसला. ब्रश कोरडाच होता, तरी ती पुसत राहिली.

बुधवारी मिस लिन परत जाणार होती. तोवर जावई सापडला पाहिजे, असं सांगून शेठ तिच्यामागून जिना उतरले.

*

त्या संध्याकाळी अंजना घरी न जाता रिक्षाने उल्हासनगरला गेली. तिथल्या कॅम्प दोनच्या बाजारात सकाळी दाखवलेली वस्तू संध्याकाळी डझनाने मिळते, असं लोक गमतीने म्हणतात, आणि ती गंमत आज तिला मुळीच गंमत वाटत नव्हती. खेळण्यांच्या गल्लीत ती दुकानामागून दुकान पाहत चालली. प्लास्टिकच्या पिशव्यांमधून बंदुका, गाड्या, नाचणारी माकडं लोंबत होती.

“भाऊ, माणसाचा पक्षी होतो असा रोबोट आहे का?”

दुकानदाराने तिच्याकडे निरखून पाहिलं. “माणसाचा ट्रक होतो, ताई. माणसाचा डायनोसोर होतो. पक्षी अजून आया नहीं.” मग गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तो म्हणाला, “अगले हफ्ते आओ. शायद आयेगा.”

पुढच्या आठवड्यात येईल! दुसरं कुणी असतं तर हसून पुढे गेलं असतं. अंजना मात्र तिथेच उभी राहिली. पुढच्या आठवड्यात येईल म्हणजे कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये आत्ता त्याचा साचा पडत असणार. आणि तिथून चार दुकानं सोडून सम्यक कामाला होता, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. तिने तिकडे मोर्चा वळवला आणि कोपऱ्यावरच थबकली.

काउंटरपाशी मैत्रेयी उभी होती. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. वीतभर लांब, खोक्याएवढं. सम्यकने ते घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरखाली ठेवलं. मग दोघं काहीतरी बोलून हसली.

अंजना सुटकेसच्या दुकानाबाहेर रचलेल्या बॅगांच्या आडोशाला उभी राहिली. पुढे जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांत काय ते कळलं असतं. पण संशयाची तऱ्हाच अशी, की त्याला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. दुकानवाला “ताई, चाकवाली दिखाऊं?” असं तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ती भानावर आली आणि परत फिरली.

घरी सम्यक जेवायला बसल्यावर तिने आमटी वाढता वाढता विचारलं, “आज दुकानात कोण आलं होतं?”

“कोण येणार? गिऱ्हाईक.”

“ओळखीचं कोणी?”

“नाही गं,” सम्यक म्हणाला आणि त्याने भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासून त्याचे कान त्याच्याशी फितूर होते.

अंजनाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पोरगाही यात आहे की काय? हा विचार आला तसा तिने तो हाकलून लावला. त्याला तिनेच भरीला घातलं असेल. तो भोळा आहे. स्वतःच्या पोरावर संशय घ्यायला छाती लागते. सुनेवर घ्यायला काहीच लागत नाही, ती अजून घरात आलेलीही नसते.

सुदाम, तिचा नवरा, नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता आणि गळती शोधणं हे त्याचं रोजचं काम. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “पण बारा होते हे कशावरून? मशीन चुकत नाही का?”

“मशीन कशाला चुकेल? चुकतात ती माणसं.”

“मग माणसाला विचार ना सरळ. ती काय परकी आहे?”

“तुम्हाला नाही कळायचं,” अंजना म्हणाली. सुदामने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

*

रविवारी ती बदलापूरला मैत्रेयीच्या घरी गेली, न सांगता. साखरपुड्याच्या ब्लाउजचं माप न्यायचं, असं निमित्त वाटेतच जुळवलं होतं. मैत्रेयी घरात एकटी होती. आईवडील कुणाच्या तरी लग्नाला गेले होते. तिने अंजनाला पाहून ओढणी सारखी केली, पाणी दिलं, खुर्ची पंख्याखाली ओढली.

“चहा टाकते, काकी.”

“टाक. घाई नाही.”

आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला तशी अंजना उठली. खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्याचं दार नुसतंच लोटलेलं. वरच्या फळीवर गोधड्यांची चळत. तिने गोधड्यांच्या मागे हात घातला. आजवर तिने कुणाच्या डब्यातलं लोणचंही न विचारता घेतलं नव्हतं, आणि आता तिचा हात कोपरापर्यंत दुसऱ्याच्या कपाटात होता. हाताला वर्तमानपत्र लागलं. वीतभर लांब, कडक, चौकोनी. तिने ते पुढे ओढलं आणि कागद सोडवला.

आत जुना रेडिओ होता. एका बाजूचं प्लास्टिक चिखलाच्या डागाने पिवळं पडलेलं.

“बाबांचा आहे,” मागून मैत्रेयी म्हणाली.

ती कपबशी घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. स्टोव्ह बंद होता.

“सव्वीस जुलैच्या पुरात भिजला, तेव्हापासून बंद होता. सम्यकने चालू करून दिला. बाबांना माहीत नाही अजून, म्हणून मागे ठेवलाय. सम्यक म्हणाला, आईला सांगू नको. ती म्हणेल, सासऱ्याची फुकट कामं आत्तापासूनच सुरू.”

अंजना कागद सारखा करू लागली. “मी... तुझं मापाचं ब्लाउज बघत होते गं. साखरपुड्याचं शिवायला टाकायचंय.”

मैत्रेयीने कपबशी स्टुलावर ठेवली. अंजनाच्या हातातला रेडिओ घेतला, कागद पूर्वीसारखा गुंडाळला आणि गोधड्यांमागे ठेवून दिला. मग खाली वाकून तिने एक निळं ब्लाउज काढलं.

“हे घ्या. कपडे खालच्या फळीवर असतात.” तिचा आवाज नेहमीचाच होता. “चहात साखर कमीच टाकलीय तुमच्यासाठी.”

चहा चांगला झाला होता. अंजनाने तो गरम असतानाच संपवला. उठताना तिला खरं तर पोरीचा हात धरून बसावंसं वाटत होतं. पण स्टेशनपर्यंत चालता चालता मनाने पुन्हा पलटी खाल्ली. रेडिओ निघाला म्हणून काय झालं? रेडिओ आहे म्हणजे जावई नाही, असं थोडंच आहे? कपाटाला आणखी फळ्या होत्या.

*

मंगळवारी सकाळी चंदर आला. साचेखात्याचा तो मुख्य माणूस, बदलापूरच्या पुढच्या नदीकाठच्या गावातला आगरी. पालखीसोबत चालून पायांना फोड आले होते, तरी स्वारी खुशीत होती. एकवीरेचा प्रसाद घेऊन तो वर जुळणीखात्यात आला आणि टेबलाटेबलावर देत सुटला. अंजनापुढे त्याने नेहमीसारखं थोडं थांबून विचारलं, “तुमाला चालंल ना, ताई? नायतर पोरींना द्या.” वर्षानुवर्षं तो असंच विचारायचा आणि ती घेऊन दुसऱ्या कुणाला द्यायची. यात कुणाला काही वाटत नसे.

“आज कोन बोलत नाय ते? मयत जाली का काय?”

एका बाईने त्याला सांगितलं. जावई हरवला. बारातला एक. उद्या बाई परत जाणार, आणि खातं बंद.

चंदर ऐकत राहिला. त्याचा हात प्रसादाच्या पिशवीतच थांबला.

“बारा कसं? अकरा ना.”

“मशीन बारा सांगतंय,” अंजना म्हणाली.

“मशीन सांगतंय. तिला काय म्हाईत? पयला पीस देवीचा.”

“काय?”

“नवा साचा चरला का पयला चांगला पीस गावदेवीला. माझे बापाच्या टायमापासून हाय. मी एकवीरेला जायाच्या आदीच ठेवून आलो ना. देवीचा पीस बोललो का गेटवर बी कोन काय विचारत नाय.” त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “जनू! अरे, तू बोल्ला नाय शेठला?”

जनू वर आला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर पाहून त्याने कानामागे खाजवलं.

“मना शेठनी पीस विचारले. देवीचा पीस कोन धरतंय मोजन्यात?”

काय म्हणावं याला? अंजना पंधरा वर्षं या कारखान्यात होती. नवा साचा चढला की खाली नारळ फुटतो, हे तिला माहीत होतं. खोबऱ्याचा तुकडा वर यायचा. पण साचेखात्यातल्या पूजेला ती कधी उतरली नव्हती. बाबासाहेबांच्या वाटेने गेलेल्या घरातली ती. तिला कुणी बोलावलं नाही आणि तिला जावंसं वाटलं नाही. नारळाच्या पुढे काय होतं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आणि शिट्ट्या-बाटल्यांचा एखादा नग कमी आहे की जास्त, हे आजवर कुठल्या कंपनीने विचारलं होतं?

दुपारी शेठांच्या गाडीतून शेठ, मिस लिन, चंदर आणि अंजना चंदरच्या गावी गेले. नदीच्या बाजूला, चिंचेखाली, गुडघाभर उंचीचं देऊळ. शेंदूर लावलेली गावदेवी, तिच्या पायाशी हिरव्या बांगड्या. आणि बाजूच्या खुंट्यांवर ओळीने आजवरचे पहिले पीस: शिटी, लाल बादली, बाहुलीची दुधाची बाटली, उन्हाने रंग उडालेलं फावडं. सगळ्यात शेवटी जावई.

तो जावई म्हणून ओळखू येणंच कठीण होतं. साच्यातून निघतो तसाच तो टांगला होता. हात, पाय, डोकं, पंखांच्या पट्ट्या, चोच, सगळं एकाच दांडीला, केळीच्या घडासारखं. कुणी तो जोडला नव्हता. करड्या प्लास्टिकवर रंगाचा थेंब नव्हता. कपाळावर फक्त कुंकू. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी.

अंजना त्या खोबणींकडे पाहत राहिली. हा वर आलाच नव्हता. मैत्रेयीच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. जो पोरीने डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही, तो आपण तिच्या गोधड्यांमागे शोधत होतो! तिला शरम वाटली, इतकी की चंदरच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तोही तिला दिसला नाही.

“देवीला दिलेलं मागारी न्यायाचं?” चंदर अडखळला. “आय, तूच बोल.”

त्याची आई तुळशी, कमरेत वाकून चालणारी म्हातारी, देवळासमोर क्षणभर उभी राहिली. मग तिने स्वतःच दोरा सोडला.

“देवीनं बगितलं ना? जालं. ती काय खेलत बसनार हाय त्याच्याशी? न्या. नवीन साचा आला का दुसरा आना.”

मिस लिनने दोन्ही हातांनी तो घड घेतला. चपला तिने लांबच काढून ठेवल्या होत्या. ती शिटीकडे पाहून, बादलीकडे पाहून काहीतरी शेठांना म्हणाली. शेठ बराच वेळ हसत होते. परतीच्या वाटेवर त्यांनी पुढच्या कामाचं बोलणंही सुरू केलं.

बुधवारी खात्यात नुसता धुमाकूळ. जावई सासरी न जाता देवाला गेला होता, याच्यावर बायकांनी दिवस काढला. अंजना रंगाच्या टेबलाशी गेली. काय बोलायचं ते तिने सकाळपासून मनात घोळवलं होतं. मैत्रेयी शिट्ट्यांवर पट्टे ओढत होती.

“सापडला गं,” अंजना म्हणाली.

“हो, कळलं काकी. बरं झालं.”

आता पुढचं बोलायला हवं होतं. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं होतं. पण पंधरा वर्षं हाताखालच्या बायकांच्या चुका काढलेली जीभ, ती ऐनवेळी लुळी पडली.

“जेवलीस का?” ती म्हणाली.

“जेवले,” मैत्रेयी म्हणाली आणि तिने पुढची शिटी उचलली.

*

तारखेच्या बैठकीला मैत्रेयीचे आईवडील, तिचा मामा आणि ती स्वतः असे बुवापाड्यात आले. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत फडफडत होत्या. मुहूर्त वगैरे बघायचा नव्हता; समाजमंदिराचा हॉल आणि बौद्धाचार्य एकाच दिवशी मोकळे मिळाले की झालं. बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार ठरला. अंजनाने पुरणपोळ्या केल्या होत्या. मैत्रेयीचे बाबा रेडिओचं कौतुक सांगत होते, सम्यकचे कान लाल झाले होते, आणि अंजनाला वाटत होतं, चला, काळानं झाकलं सगळं.

“मग, पोरीला काही सांगायचंय का?” मामाने रिवाजाप्रमाणे विचारलं. असं विचारलं की पोरी लाजून मान हलवतात.

“एक सांगायचंय,” मैत्रेयी म्हणाली. “लग्नानंतर आम्ही बदलापूरला खोली घेऊ. भाड्याने.”

सम्यक जमिनीकडे पाहत होता. त्याला हे माहीत होतं, हे उघड होतं.

“अगं, पण का?” सुदाम म्हणाला. “वर माळा बांधून ठेवलाय तुमच्यासाठी. कारखाना इथून दहा मिनिटांवर. बदलापूरहून उलट तुलाच लांब.”

“लांब पडेल, काका. पण तसं केलेलं बरं.”

“काही कारण तर असेल?”

मैत्रेयीची आई घाबरून तिच्याकडे पाहत होती. मामा खाकरला. मैत्रेयीने एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होता. कपाट, गोधड्या, काहीही. ती ताटातल्या पोळीचा तुकडा मोडत राहिली आणि तिने तो शब्द उच्चारला नाही. तिला बोलवत नव्हतं असं नाही. ती बोलणार नव्हती.

“कारण काय असायचंय?” अंजना म्हणाली. “पत्रा आहे वर. उन्हाळ्यात तापतो.”

सुदामने मान वळवली. “तापतो? परवापर्यंत तर सगळ्या गल्लीला सांगत होतीस, खिडकीतून गार वारा येतो म्हणून.”

“रात्री येतो. दुपारी माणूस भाजून निघेल. नवीन संसार असा पत्र्याखाली कशाला?” तिचा आवाज नीट निघत होता, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “बरोबर आहे तिचं. त्यांना घेऊ दे खोली.”

मैत्रेयीने वर पाहिलं. त्या दिवशी शेठांसमोर उभी असल्यापासून तिने अंजनाच्या डोळ्यांत असं पाहिलं नव्हतं.

मग बैठक पुन्हा सैल झाली. मैत्रेयीच्या आईने सुटकेचा श्वास टाकला, मामाने आणखी एक पोळी घेतली, आणि सासू असावी तर अशी, सुनेच्या सुखापुढे घराचाही हट्ट नाही, असं त्याने तूप वाढून घेता घेता दोनदा बोलून दाखवलं. अंजनाने त्याला तूप वाढलं.

निघताना सगळे ओट्यावर आले. मैत्रेयी चपला घालण्याआधी वाकली, अंजनाच्या पायांना हात लावला आणि उभी राहिली.

“आम्ही दर रविवारी येत जाऊ, काकी. तुम्हीपण या बदलापूरला, केव्हाही.” तिने ओढणी खांद्यावर घेतली. “फक्त येण्याआधी फोन करा.”

“करीन,” अंजना म्हणाली.